सहा पाण्यांचा नियम

मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. बी.एस्सी.चं पोरगं समोर येऊन उभं राहिलं की त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, “घरात आजपर्यंत काय काय फोडलंस?”

पोरं गांगरायची. ती मार्कलिस्टची फाइल छातीशी धरून आलेली असायची. काही जण म्हणायचे, काहीच नाही मॅडम. त्यांना त्या सांगायच्या, “मग एकतर तू खोटं बोलतोयस, नाहीतर घरात इकडची काडी तिकडे करत नाहीस. दोन्ही इथे चालत नाही.” आणि पुढच्याला बोलवायच्या. एका मुलाने सांगितलं की आजीची बरणी लोणच्यासकट फोडली आणि आळ मांजरावर घातला. त्याला त्यांनी लगेच बसायला स्टूल दिलं.

हे सगळं मी सिंकपाशी उभी राहून ऐकायचे. नेरूळच्या त्या कॉलेजात, जंतूंच्या लॅबमध्ये, काचेची भांडी धुवायचं काम मी चौदा वर्षं केलं. मी ठेकेदाराची माणूस, शिक्षण चौथी. नवरा वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी होता. आम्ही साताऱ्याकडचे.

ते जंतू साधे नव्हते. जखम चिघळवणारे, जुलाब लावणारे, माणसाला आडवं करणारे. दुसऱ्या कॉलेजांत बी.एस्सी.च्या पोरांना असले जंतू पुस्तकातच दिसतात, हात लावायला मिळतो तो पुढे एम.एस्सी.ला. मॅडमना ते पटत नव्हतं. त्या म्हणायच्या की उशीर झाला की हात शिकत नाहीत, हट्ट करतात. म्हणून दरवर्षी दुसऱ्या वर्षाची चार पोरं त्या लॅबमध्ये घ्यायच्या. पहिले सहा महिने त्यांना गरीब, निरुपद्रवी जंतू मिळायचे. आणि त्याच्याही आधी पंधरा दिवस जंतू नाहीच. पंधरा दिवस माझ्याजवळ सिंकवर. मावशींनी, म्हणजे मी, पास केलं तर पुढे जायचं.

मी एका मुलाला तीनदा नापास केलं. त्याच्या वडिलांची नगरसेवकाशी ओळख होती, तसा फोनही आला. मॅडमनी फोन घेतला आणि सांगितलं की हा विषय मावशींचा आहे, त्यांना विचारा. मला कोणी विचारलं नाही. तो मुलगा चौथ्यांदा पास झाला. अजून दिवाळीला मेसेज करतो.

पास होणं म्हणजे काय, तर साबणाने ब्रश मारल्यावर बाटली सहा पाण्यांनी विसळायची आणि सातवं पाणी कॅनमधलं, शुद्ध केलेलं. सहा म्हणजे सहा. सिंकवरच्या टाइलवर मॅडमनी स्वतः लाल ऑइलपेंटने सहाचा आकडा काढला होता, वीतभर उंच. प्राचार्य एकदा म्हणाले की भिंत खराब दिसते. मॅडमनी तो आकडा आणखी ठळक केला.

त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझं आणि त्यांचं भांडणच झालं. माझ्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या होत्या. त्या म्हणाल्या, बांगड्या काढा, त्यांच्या खाली जंतू बसतात. नवरा जिवंत असलेल्या बाईला असं कोणी सांगतं का? मी म्हटलं, नोकरी नको मला. आणि पिशवी उचलली. मॅडमनी माझी मनगटं निरखली. मग म्हणाल्या, “बसा. यावर काहीतरी निघेल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड कापडाच्या दोन बाह्या आणल्या, मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. स्वतः शिवल्या होत्या. शिवण वाकडी होती. बांगड्या बाह्यांच्या आत, जंतू बाहेर.

पुढे नवरा गेला आणि बांगड्याही गेल्या. तेरावं झाल्यावर मी कामावर आले तेव्हा सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, “बाह्या घाला तशाच. ऑटोक्लेव्हच्या वाफेने हात भाजतो.” मला ते बरं वाटलं. रडणं घरी पुष्कळ झालं होतं.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर. त्यात सगळं वाफेवर उकळून निर्जंतुक करतात. खंडेनवमीला ऑफिसची माणसं मशीनची पूजा करायला झेंडूचे हार घेऊन यायची. लॅबमध्ये फुलं आणायला मॅडमची बंदी. एका वर्षी क्लार्क अडून बसला की पूजा झालीच पाहिजे. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण हार आधी ऑटोक्लेव्ह करा. मी केला. हार पालेभाजीसारखा शिजून बाहेर आला. तो लगदा त्यांनी चिमट्याने उचलून मशीनवर ठेवला, हात जोडले आणि क्लार्कला म्हणाल्या, “झाली पूजा. प्रसाद आणा.”

मॅडम साडी नेसायच्या आणि पायात पुरुषी तपकिरी बूट, कारण लॅबमध्ये पाय झाकलेले हवेत आणि बायकांच्या बुटांवर त्यांचा विश्वास नव्हता. कोणाच्या हातात हात देत नसत. आणि सगळ्यात गंमत त्यांच्या बोलण्याची. प्राचार्यांबद्दल मागे बोलताना त्या बिनधास्त “तो काय म्हणाला” असं म्हणायच्या आणि जंतूंना मात्र आदराने. इनक्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायचं उबेचं कपाट, उघडून म्हणायच्या, “मंडळी आज उशिरा उठलेली दिसतात.” “हे आले का? ह्यांना ऊब कमी पडली.” मी विचारलं होतं, एवढ्याशा किड्यांना अहोजाहो कशाला. तर म्हणाल्या, “जो जीव घेऊ शकतो त्याला अरेतुरे करू नये, मावशी. तेवढ्यानेही हात जपून चालतो.”

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते.

मयूरी नावाची मुलगी त्या वर्षीच्या चौघांत होती. बाप महाप्याला एका कारखान्यात मशीन चालवतो. पोरगी हुशार, पण तोंडाने फटकळ, म्हणून मला आवडायची. तिने खाडीकडून खारफुटीची गळलेली पानं आणली, वाळवली, कुटली आणि त्यांचा अर्क काढून माझ्याकडच्या धुतलेल्या बाटल्यांत ठेवला. जखम चिघळवणारे जंतू प्लेटमधल्या जेलीवर पसरायचे, जेलीत मधे छोटं भोक पाडून त्यात अर्क घालायचा आणि भोकाच्या कडेला जंतू मरतात का ते बघायचं. शेजारच्या भोकात नुसतं पाणी, म्हणजे फरक कळतो. महिनाभर काही झालं नाही. पान बदललं, झाड बदललं, काही नाही. मग एका सोमवारी अर्काच्या भोवती स्वच्छ गोल उमटला. जंतू मेले होते. पाण्याच्या भोवती काही नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही गोल. तिसऱ्या खेपेलाही.

मॅडम नाचल्या नाहीत, पण त्या दिवशी दोनदा चहा प्यायल्या. मयूरीचं नाव कॉलेजांच्या संशोधन स्पर्धेत गेलं. तिच्या बापाने कारखान्यात पेढे वाटले. आणि प्राचार्यांनी दोन दिवसांत गेटवर फ्लेक्स लावला. “खारफुटीच्या पानांत सापडले जंतूंवर औषध.” प्राचार्यांचा फोटो मोठा, मयूरीचा कोपऱ्यात. मॅडमनी फोटो दिला नव्हता.

त्याच आठवड्यात मी सुकलेल्या बाटल्या रॅकवरून काढत होते. एकीत धूळ दिसली म्हणून कॅनमधलं थोडं पाणी घालून हलवली. फेस आला. दुसरी घेतली. फेस. धुतलेल्या बाटलीत फेस आला म्हणजे ती धुतलेली नाही, हे कळायला चौथी पास असायची गरज नाही.

मला कारण माहीत होतं. स्टोअरवाल्याने साबण बदलला होता. नवा साबण जंतुनाशक, दाट, कडुनिंबाच्या वासाचा, काचेला धरून बसणारा. आणि माझा उजवा खांदा तेव्हा धरला होता. नळ उंच, बाटली तोंडाला लहान, प्रत्येक पाण्याला हात वर न्यायचा. मी तीन आठवडे दोनच पाण्यांनी विसळत होते. पोरांना सहा शिकवायचे आणि पोरं गेली की स्वतः दोन. साबण बदलला त्याच्या पुढच्या सोमवारी मयूरीचा गोल उमटला होता. तुलनेचं पाणी ती बाटलीत भरतच नव्हती, थेट कॅनमधून घ्यायची. म्हणून तिथे जंतू मरत नव्हते. पानाने काही केलंच नव्हतं. माझा साबण मारत होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. पोरीचं मन मोडेल म्हणून गप्प राहिले असं सांगितलं तर बरं दिसेल. तसं नव्हतं. ठेकेदाराच्या माणसाला काढायला एक फोन पुरतो, म्हणून गप्प राहिले. दोन दिवस येता-जाता तो फ्लेक्स बघत होते. तिसऱ्या दिवशी मयूरी सांगत आली की स्पर्धेला नेसायला आईने साडी काढून ठेवली आहे. तेव्हा मला कळलं की हे आता वाढतच जाणार. मी ती बाटली घेतली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, हलवून बघा.

त्यांनी हलवली. फेस बसेपर्यंत बाटली उजेडात धरली.

“किती पाणी, मावशी?”

“दोन.”

“कधीपासून?”

“साबण बदलायच्या आधीपासून. तीन आठवडे होतील.”

“का?”

“खांदा वर जात नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“पोरांना तुम्ही विचारता, काय फोडलं म्हणून. मला कधी विचारलं नाही.”

मी हे उर्मटपणे बोलले. घाबरले की मी उर्मट होते. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. रागावल्या नाहीत. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “आणि तुलनेचं पाणी त्याच बाटलीतून घे, हे पोरीला मी सांगायला हवं होतं. पेढे मीही खाल्ले.” मग खणातून लॅबची कात्री काढली आणि निघाल्या. मी मागे.

त्या गेटवर गेल्या. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि साडी खोचून, त्या तपकिरी बुटांसकट वर चढल्या. वॉचमन घाबरून म्हणाला, मॅडम, मी काढतो ना. त्या म्हणाल्या, “तुमची नोकरी लगेच जाईल. माझी जायला वेळ लागतो. खुर्ची धरा.” दोऱ्या एकेक करून कापल्या. गेटवर पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती.

प्राचार्य धावत आले. एवढी घाई कशाला, स्पर्धा होऊन जाऊ दे, नंतर बघू, कोणाला कळणार आहे, असं बरंच बोलले. मॅडम खुर्चीवरूनच म्हणाल्या, “शंका आली आहे. शंका असताना हे इथे लटकणार नाही. खरं निघालं तर पुन्हा लावा, शिडी मी धरते.” प्राचार्यांनी विचारलं, चूक कोणाची? मी मॅडमच्या मागे, चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं तोवर मॅडम बोलून गेल्या, “लॅब माझी आहे.” मग बी.एस्सी.ची पोरं लॅबमध्ये दिसायला नकोत, प्राचार्य म्हणाले. आणि बोलले तसं त्यांनी केलं. ही चार पोरं वर्ष संपेपर्यंत राहिली, पण पुढच्या वर्षी मॅडमना एकही घेता आलं नाही. ते वर्ष लॅब नुसती ओस पडली होती. त्यानंतर प्राचार्य बदलले तेव्हा दार पुन्हा उघडलं. माझ्यापायी चार पोरांची संधी गेली, आणि ती कोणती चार ते मला कधी कळणारही नाही. याचा हिशोब लागत नाही, मी तो लावायच्या भानगडीत पडत नाही.

फ्लेक्स कोणालाच नको होता. मी घरी आणला. प्लास्टिक चांगलं होतं. उलव्याला माझा मुलगा तो स्कूटर झाकायला अजून वापरतो. प्राचार्यांचा चेहरा बरोबर सीटवर येतो.

मयूरीला मॅडमनी माझ्यासमोरच सांगितलं. ती आधी मॅडमकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, “मावशी, पंधरा दिवस मी तुमच्या शेजारी पाणी मोजत उभी होते. एकदा पाचव्याला थांबले तर तुम्ही मला सगळ्या बाटल्या पुन्हा धुवायला लावल्या होत्या.”

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

ती गेली. मला वाटलं, आता येत नाही.

त्या संध्याकाळी मॅडमनी नळाला रबरी नळी लावली, हातभर लांब. आता पाणी बाटलीपर्यंत खाली येत होतं, बाटली वर न्यायला नको. दोन मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत ते कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मग म्हणाल्या, “उद्या तीन प्रकारांनी धुवायचं. काही बाटल्या दोन पाण्यांनी, काही सहा, काही बारा. तुम्हीच धुवायच्या. धुणारा हात बदलला तर मला काही कळणार नाही.”

मला वाटलं होतं, काम जाईल. ते गेलं नाही, उलट वाढलं.

मी धुतल्या. त्यांत रात्रभर पाणी ठेवलं, मग त्या पाण्यात मॅडमनी सारखेच जंतू सोडले, काही वेळाने ते पाणी प्लेटवर पसरलं आणि प्लेटी उबेला ठेवल्या. एक जंतू जगला तर सकाळपर्यंत त्याचा एक ठिपका होतो. शिवाय पानांचा अर्क सहा पाण्यांच्या बाटलीत भरून एक प्लेट वेगळी.

सकाळी मी आले तेव्हा मयूरी आधीच येऊन बसली होती. माझ्याशी बोलली नाही. डोळे सुजलेले होते, पण केस नीट बांधलेले, कोट घातलेला.

पानांची प्लेट पहिली निघाली. गोल नव्हता. अर्काच्या भोकाला चिकटून जंतू मजेत वाढले होते. मयूरीने ती उजेडात धरली, फिरवली आणि खाली ठेवली. “गेलं,” म्हणाली.

मग मॅडमनी बाकीच्या प्लेटी खिडकीपाशी मांडल्या. एक जवळजवळ रिकामी. बाकीच्या दोन्ही ठिपक्यांनी गच्च भरलेल्या. रिकामी बघून मी म्हटलं, ही बारा पाण्यांची असणार, किती स्वच्छ आहे. मॅडम म्हणाल्या, “उलट. ही दोन पाण्यांची. इथे मंडळी साबणाने मेली. जिथे मंडळी सुखाने राहिली, ती बाटली स्वच्छ.”

मी सहा पाण्यांची प्लेट हातात घेतली. बारा पाण्यांची तिच्यासारखीच होती, म्हणजे सहा पुरतात. जन्मभर मी भांडी घासली, माहेरी, सासरी, लोकांच्या घरी, इथे. भांडं स्वच्छ निघालं तर कोणी बघत नाही. खरकटं राहिलं तर बघतात. माझ्या हाताने नीट केलेलं काम कसं दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पिवळट ठिपके होते, जिऱ्याएवढे, दाटीवाटीने. ते मला कोणी दाखवलं असतं असं वाटत नाही. दुसऱ्या कोणी मला काढलं असतं किंवा माफ केलं असतं. मॅडमनी माझं विसळणं मोजलं. त्यांचे उपकार आहेत ते एवढ्याचसाठी. आता त्या नोकरी संपवून बहिणीकडे कोकणात असतात. महिन्याने फोन करतात, खांदा कसा आहे विचारतात आणि ठेवतात.

“मोजा दोघी,” मॅडम म्हणाल्या. “वेगवेगळ्या. एकमेकींना सांगू नका.”

मयूरीने मोजले. मग मी मोजले, बोटाने. तिचे एकशे एकोणीस आले, माझे एकशे एकवीस. मॅडम म्हणाल्या, जमत नाही, पुन्हा. मग मयूरीने मार्कर घेतला आणि प्लेट उलटी धरली. मी ठिपका दाखवायचा, तिने त्यावर खूण करायची, आकडा मोठ्याने म्हणायचा. कडेला तीन ठिपके एकमेकांना चिकटले होते. ती म्हणाली, हा एकच. मी म्हटलं, नीट बघ, तीन आहेत. तिने भिंग आणलं. तीनच होते. एकशे एकवीस.

मॅडमनी घड्याळ बघितलं. स्पर्धेला आठ दिवस आहेत, त्या म्हणाल्या, विषय बदलल्याचं पत्र मी देते. पान सोडायचं. साबण मांडायचा, चूक कशी झाली, कशी धरली, सगळं. मयूरी म्हणाली, “साबणाला कोण बक्षीस देणार, मॅडम?” मॅडम म्हणाल्या, “कोणी नाही.” आणि खरंच कोणी दिलं नाही. पण ती गेली, आईची साडी नेसून गेली, आणि बोलून आली.

त्या सकाळी मात्र ती एवढंच म्हणाली, बरं. वही ओढली, तारीख घातली, बाटल्यांचे प्रकार लिहिले, आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्यांची नावं लिहायची असतात. तिने स्वतःचं लिहिलं. मग पेन थांबलं. तिने मान वर केली.

“मावशी,” ती म्हणाली, “तुमचं नाव काय?”

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनाव तिने दोनदा विचारून घेतलं. ते तिने सावकाश, सुट्या अक्षरांत लिहिलं, वही मिटली आणि प्लेटी उकळायला माझ्याकडे दिल्या.